मेहरबाईंच्या नावाचा निधी

आपल्या गावात टाटा या शब्दाचे तीन अर्थ होते. एक म्हणजे बाजारपेठेतून धुरळा उडवत जाणारा ट्रक. दुसरा म्हणजे एसटीच्या खिडकीतून हात हलवून करायचा तो टाटा. तिसरा अर्थ कुणी मोठ्याने उच्चारत नसे. अमक्याला टाटाला नेलंय, एवढं कानावर आलं की ओसरीवरची माणसं गप्प व्हायची. आजार कुठला, हे पुढे कुणी विचारत नसे.

आपण नववीत असताना आपल्या वर्गातल्या एकाला टाटाला नेलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना ते छापून यायला नको आहे, आणि तुम्हाला ते सांगायची गरजही नाही. खिडकीजवळचा तिसरा बाक म्हटलं की सगळ्यांना कळेल.

संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. मी लिहितो आहे ते मुंबईतल्या एका पारशी बाईंबद्दल आणि त्यांच्या नवऱ्याबद्दल. त्या दोघांचा आपल्या गावाशी कधी संबंध आला नाही. मंडळाने राग मानू नये. हा लेख शेवटी त्या तिसऱ्या बाकापाशीच येणार आहे.

शाळा सुटल्यावर सहा-सात वर्षांनी मी विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचं एम.एस्सी. करत होतो. विभागाच्या सूचना फलकावर एक कागद लागला. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टतर्फे पीएच.डी. करणाऱ्यांना शिष्यवृत्ती. मला वाटलं, पोलादाच्या कारखान्याची काहीतरी योजना असेल. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी काम करणाऱ्या एका सिनियरला ती शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा मी त्याला विचारलं की या लेडी टाटा कोण. त्याने सांगितलं, या बाई ल्युकेमियाने गेल्या आणि त्यांच्या नवऱ्याने त्या आजाराच्या संशोधनासाठी पैसे ठेवले. ल्युकेमिया हा शब्द मी त्याआधी एकदाच पाहिला होता. आपल्या मित्राच्या वडिलांनी मुख्याध्यापकांना दाखवायला आणलेल्या कागदावर, टेबलापलीकडून, उलटा.

तेव्हापासून या जोडप्याबद्दल मिळेल ते वाचत आलो. पुढे मी संशोधनात टिकलो नाही, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पण दरवर्षी रक्ताचा धडा आला की मुलांना मेहरबाईंची गोष्ट सांगायचो. ती तुम्हालाही सांगतो.

मेहरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव भाभा. वडील होरमसजी भाभा शिक्षण क्षेत्रातले मोठे अधिकारी. मेहरबाई पाच वर्षांच्या असताना कुटुंब बंगलोरला गेलं, आणि पुढे वडील म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. घरात पुस्तकं होती, पियानो होता आणि मुलीने शिकू नये असं म्हणणारं कुणी नव्हतं. त्या काळात ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींपेक्षा दुर्मिळ होती.

जमशेटजी टाटा कामानिमित्त म्हैसूरला जात. भाभांच्या घरी त्यांनी ही मुलगी पाहिली आणि आपला थोरला मुलगा त्या बाजूला जाणार होता, त्याला भाभांच्या घरी जाऊन ये म्हणून सांगितलं. या थोरल्या मुलाचं नाव दोराबजी. जन्म २७ ऑगस्ट १८५९. केंब्रिजला दोन वर्षं काढून ते परत आले, १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्समधून बी.ए. झाले, दोनेक वर्षं बाँबे गॅझेट या वर्तमानपत्रात काम केलं आणि मग वडिलांच्या धंद्यात शिरले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही ते होते. घोड्यावर बसायची, क्रिकेट, टेनिस खेळायची आवड दांडगी. लग्नाचं मात्र वय उलटून गेलं होतं. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी दोघांचं लग्न झालं तेव्हा ते ३८ वर्षांचे होते आणि मेहरबाई १८ वर्षांच्या.

१९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. तीन मोठी स्वप्नं ते अर्धवट ठेवून गेले होते: पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि विज्ञानाची एक मोठी संस्था. तिन्ही कामं दोराबजींच्या गळ्यात आली. भूगोलाच्या तासाला आपण जमशेदपूर, लोह-पोलाद असं घोकलं. त्या दोन शब्दांमागे किती पायपीट होती, ते पुस्तकात नव्हतं. भूगर्भशास्त्रज्ञांबरोबर जंगलं पालथी घालून खनिज शोधलं. १९०७ साली कंपनीसाठी भांडवल उभं करायचं ठरलं, तेव्हा लंडनच्या सावकारांनी हात आखडता घेतला होता. दोराबजींनी मुंबईत भाग विक्रीला काढले. स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी मिळून सगळं भांडवल दिलं. १९१२ साली पोलाद बाहेर आलं. बंगलोरची विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली. १९१० मध्ये दोराबजी सर झाले, आणि मेहरबाई लेडी टाटा.

या बाई लेडी म्हणून नुसत्या दिवाणखान्यात बसल्या नाहीत. त्या टेनिस खेळत, आणि साडी नेसून खेळत. स्पर्धांमधली साठांहून अधिक बक्षिसं त्यांनी मिळवली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मिश्र दुहेरीत मोहम्मद सलीम यांच्या जोडीला भारतातर्फे त्यांचं नाव होतं. तेव्हा त्यांचं वय ४४. आपल्या शाळेत मुलींच्या खो-खोच्या संघाला गणवेश मिळायला किती वर्षं लागली, ते आपल्या वर्गमैत्रिणींना विचारा.

मुंबईत स्त्रियांची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या. मुलींचं शिक्षण, पडद्याची चाल, अस्पृश्यता यांवर त्या बोलत आणि काम करत. बालविवाहाच्या बंदीचा प्रश्न देशात पेटला होता तेव्हा १९२७ साली अमेरिकेतल्या बॅटल क्रीक इथल्या महाविद्यालयात त्यांनी त्या विषयावर भाषण केलं. दोन वर्षांनी शारदा कायदा झाला, त्याच्या तयारीत त्यांचाही सल्ला घेतला गेला होता. रेड क्रॉसचं काम त्यांनी केलं. १९१९ साली ब्रिटिश सरकारने त्यांना सी.बी.ई. हा किताब दिला.

दोराबजींचं खेळाचं वेड आपल्या महाराष्ट्राच्या कामी आलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तिथल्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत. त्यांचे वेग पाहून दोराबजींच्या मनात आलं की ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. १९२० साली अँटवर्पला जो संघ गेला, त्यात धावपटू होते आणि कुस्तीगीरही होते. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. त्या वेळी बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आपल्या पी.टी.च्या सरांनी ही गोष्ट मैदानावर किती वेळा सांगितली, ते आठवत असेल.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर इतिहासाच्या गुरुजींना ती खटकेल, आणि खटकायलाच हवी. याच वर्षांत टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज मिळाली. मावळातल्या शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर पाणी आलं. १९२१ पासून सेनापती बापट आणि त्यांचे साथी यांनी मुळशी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. धरण झालंच. ज्या घराच्या दानाबद्दल मी लिहितो आहे, त्या घराच्या खातेवहीचं हेही एक पान आहे. ते फाडून मोठेपणा सांगण्यात अर्थ नाही.

मेहरबाईंच्या नावाशी एक हिरा जोडला गेलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत १८९५ साली सापडलेला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षी ज्युबिली असं नाव मिळालेला, २४५ कॅरटचा. वजनाने कोहिनूरच्या दुपटीहून जास्त. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात तो मांडला होता. दोराबजींनी तो बायकोसाठी विकत घेतला.

महायुद्धानंतर पोलाद कंपनीने कारखाना वाढवायला घेतला आणि नेमकी तेव्हाच मंदी आली. बाहेरचं स्वस्त पोलाद येऊ लागलं. जपानमध्ये भूकंप झाला आणि तिकडची मागणी बुडाली. १९२४ साली अशी वेळ आली की जमशेदपूरच्या कामगारांचा पगार द्यायला पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी वैयक्तिक मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कंपनीसाठी कर्ज उचललं. त्या तारणात मेहरबाईंचे दागिने होते आणि तो हिराही होता.

पेरणीच्या आधी आईच्या पाटल्या सोनाराकडे जाताना आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलंय. काही पाटल्या परत आल्या, काही आल्या नाहीत. म्हणून ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रक्कम मोठी होती, एवढाच फरक. कंपनी सावरली, दागिने सुटले.

या दोघांना मूल नव्हतं. मेहरबाईंच्या भावाचा मुलगा लहानपणी आत्याच्या घरी येत-जात असे. त्या घरी तो गाण्याच्या तबकड्या ऐके, आणि कारखान्यांच्या, संस्थांच्या गप्पा त्याच्या कानावर पडत. तो मुलगा म्हणजे होमी भाभा.

१९३१ साली दोघं युरोपात असताना मेहरबाई आजारी पडल्या. त्यांना उत्तर वेल्समधल्या रुथिन इथल्या शुश्रूषागृहात ठेवलं. आजार ल्युकेमिया. १८ जून १९३१ रोजी त्या गेल्या. वय अवघं ५१.

ल्युकेमियात नेमकं काय होतं, ते वर्गात सांगायचो तसंच सांगतो. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथे पांढऱ्या पेशींची एक जात बेफाम वाढू लागते. त्या पेशी पुऱ्या वाढत नाहीत, रोगाशी लढत नाहीत आणि मरतही नाहीत. नुसती जागा अडवतात. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही, माणूस पांढराफटक पडतो. रक्त गोठवणारे कण कमी होतात, नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. प्रार्थनेच्या वेळी आपल्या मित्राच्या सदऱ्यावर दोनदा रक्त सांडलं होतं, ते यामुळे. आपण त्याला उन्हाची घोळणी फुटली म्हणत होतो.

१९३१ साली डॉक्टरांच्या हातात काय होतं? या आजाराला नाव मिळून ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी स्वच्छ दिसत. पण उपाय म्हणाल तर सोमलाचं औषध आणि क्ष-किरण. जुनाट प्रकारात त्यांनी काही काळ आराम पडे. तीव्र प्रकारात तेवढंही नाही. हिरा गहाण ठेवून कारखाना वाचवणाऱ्या माणसाला बायकोसाठी विकत घेता येईल असं औषध जगाच्या बाजारात नव्हतं.

मेहरबाईंना इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत ठेवलं. दोराबजींनी तिथे समाधी बांधली. बहुतेक श्रीमंत माणसं इथे थांबतात. ते थांबले नाहीत.

पुढच्या वर्षी, ११ मार्च १९३२ रोजी, त्यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती एका विश्वस्त निधीला देऊन टाकली. कंपन्यांतले भाग, जमिनी, बायकोचे दागिने, तो हिरा. टायला लावायची मोत्याची पिनदेखील त्यात होती म्हणतात. हा सर दोराबजी टाटा ट्रस्ट. जात, धर्म, देश न पाहता पैसा वापरावा, अशी त्याची अट. आणि एप्रिलमध्ये त्यांनी बायकोच्या नावाने दुसरा, वेगळा निधी केला. हाच तो माझ्या सूचना फलकावरचा लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट.

या दुसऱ्या निधीची रचना मला फार विचार करायला लावते. मुद्दलाला हात लावायचा नाही. जे उत्पन्न येईल त्याचे पाच वाटे करायचे. चार वाटे ल्युकेमियावरच्या संशोधनाला, जगात कुठेही ते होत असो. उरलेला एक वाटा भारतात, माणसाचं दुखणं कमी करणाऱ्या वैज्ञानिक संशोधनाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं. पैसा इथला, बाई इथली, आणि चार वाटे बाहेर? वयाबरोबर उत्तर थोडं समजत गेलं. तेव्हा या आजारावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत होत्या. कोपनहेगनमध्ये सापडलेलं उत्तर मुंबईच्या रोग्यालाही लागू पडणार होतं. आपल्या माणसाला वाचवायचं, तर जिथे प्रश्न सुटण्याची शक्यता जास्त तिथे पैसा गेला पाहिजे. हा हिशेब धंदेवाल्याचा आहे, आणि तो दुःखात असताना केलेला आहे. म्हणून मला तो मोठा वाटतो.

निधी इमारती बांधत नाही. तो माणसांना पगार देतो. विद्यापीठांत आणि त्यांना जोडलेल्या रुग्णालयांत काम करणारे तरुण संशोधक अर्ज करतात, युरोपातल्या जाणकार डॉक्टर-शास्त्रज्ञांची समिती ते तपासते आणि काहींना एक-दोन वर्षांचं वेतन मिळतं. भारतातल्या वाट्यातून इथल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मी ते जवळून पाहिलं आहे. माझ्या त्या सिनियरने कितीतरी महिने एकाच एन्झाइमच्या मागे काढले. रात्री अकराला सेंट्रिफ्यूज लावायचा, पहाटे चारला उठून नळ्या काढायच्या. खानावळीचं बिल, खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे थोडे पैसे त्या शिष्यवृत्तीतून सुटत, म्हणून तो टिकला. शेवटी त्याचे दोन शोधनिबंध झाले. त्यातल्या एकाचं सार असं, की आम्ही सुरुवातीला धरलं होतं ते चूक निघालं. संशोधनाचा बहुतेक पैसा असाच खर्च होतो. ही वाट बंद आहे, असं पाटीवर लिहिण्यात. पण ती पाटी लावली नाही तर पुढचा माणूस त्याच वाटेने जाऊन पुन्हा तेवढीच वर्षं घालवतो.

दोराबजींनी यातलं काहीच पाहिलं नाही. निधी करून त्यांनी मुंबई सोडली. बायकोच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तिच्या समाधीपाशी पोचायचं होतं. वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे ३ जून १९३२ रोजी त्यांचं निधन झालं. तारीख गाठायला पंधरा दिवस कमी पडले. ब्रुकवुडला मेहरबाईंशेजारीच त्यांना ठेवलं आहे.

पुढचं थोडक्यात. दोराबजींच्या मोठ्या ट्रस्टमधून परळचं टाटा स्मारक रुग्णालय उभं राहिलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. ज्युबिली हिरा विकला गेला, त्याचे पैसे ट्रस्टमध्ये आले. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या वेळी खात्याची सूत्रं होमी भाभांकडे होती. आत्याच्या आजाराने सुरू झालेलं काम भाच्याच्या खात्याकडे आलं.

आणि आजार? दोराबजी गेल्यावर सोळा वर्षांनी, १९४८ साली, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना एक औषध देऊन पाहिलं. काही काळापुरता का होईना, आजार मागे हटला. तसं पहिल्यांदाच घडत होतं. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. त्यानंतर एकेक औषध जोडत, चुकत, मुलं गमावत डॉक्टर पुढे गेले. श्रेय कुठल्या एका निधीचं, एका देशाचं नाही. आज श्रीमंत देशांतल्या चांगल्या रुग्णालयांत या आजाराच्या सर्वसाधारण प्रकारातली दहांपैकी जवळजवळ नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडेही पुष्कळ मुलं बरी होऊन पुन्हा शाळेत येतात.

आपला मित्रही एकदा शाळेत परत आला होता. दिवाळीनंतर. डोक्यावरचे केस गेले होते, म्हणून आईने कानटोपी घालून पाठवलं होतं. तो आपल्या जागेवर बसला. त्याआधीच वर्गात कुजबुज झाली होती, की हा रोग लागतो. कुणी पसरवलं, ते आता शोधण्यात अर्थ नाही. त्या बाकावर आम्ही तिघं बसत होतो. मधल्या सुट्टीनंतर आम्ही दोघं मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्याला लागून बसणारा मी होतो. तो काही बोलला नाही. त्याने आपलं दप्तर उचलून माझ्या जागेवर ठेवलं.

पुढच्या तासाला मराठीच्या बाई आल्या. त्यांनी वर्गाकडे एकदा पाहिलं, पुस्तक घेतलं आणि ते दप्तर खाली ठेवून त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. तिथूनच त्यांनी धडा शिकवला. आम्हाला रागावल्या नाहीत. तो पुन्हा टाटाला जाईपर्यंत, आठवड्यातून दोन-तीनदा तरी, बाई त्या बाकावर बसून शिकवत होत्या. होळीच्या आधी तो गेला. स्टँडवर त्याला सोडायला बाई होत्या. एसटीच्या खिडकीतून त्याने हात हलवला, असं त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. मी स्टँडवर गेलो नव्हतो.

मला ठाऊक आहे, आपण पोरं होतो. ल्युकेमिया लागत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या मोठ्यांनाही ते माहीत नव्हतं. पण वयाच्या साठीनंतरही ते दप्तर डोळ्यांपुढून हलत नाही. रक्ताचा धडा शिकवताना दरवर्षी मी मुलांना पहिलं वाक्य तेच सांगायचो, की हा आजार कुणापासून कुणाला लागत नाही.

आता मूळ मुद्दा. मेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून खर्च वजा जाता रक्कम शिल्लक राहते आहे. ती आपल्या मित्राच्या आठवणीसाठी वापरायची, यावर सगळ्यांचं एकमत आहे. शाळेच्या दारात कमान बांधून तिच्यावर फरशी बसवावी, अशी एक सूचना आहे. ती करणाऱ्यांच्या मनाबद्दल मला आदर आहे. दोराबजींनीही समाधी बांधलीच होती. पण ते समाधीवर थांबले असते, तर मी आज हा लेख लिहिला नसता.

माझी सूचना अशी. ही रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी. मुद्दलाला हात लावू नये. दरवर्षीच्या व्याजातून आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या, विज्ञान किंवा वैद्यकशास्त्रात पुढे संशोधन करू पाहणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला मदत करावी. व्याज थोडं असेल. खानावळीचे दोन-तीन महिने निघतील, किंवा एखादं महागडं पुस्तक येईल. ज्युबिली हिऱ्याच्या कोंदणाच्या कडीएवढीही आपली ऐपत नाही. पण रीत तीच राहील, आणि दर दहा वर्षांनी भेटू तेव्हा मुद्दल थोडं वाढवता येईल. कुणी विचारलं, यातून काय निघालं, तर आपल्याला बहुधा सांगता येणार नाही. दोराबजींनाही सांगता आलं नसतं.

त्या मुलाला किंवा मुलीला पैसे देताना एकच अट असावी. त्यांनी वर्षातून एकदा शाळेत यावं आणि नववीच्या वर्गाला आपण काय शिकतो आहोत, ते सोप्या मराठीत सांगावं. माहिती नसल्यामुळे कुणी कुणाच्या शेजारून उठू नये, एवढ्यासाठी.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा आहे. त्या सभेत मी हा ठराव मांडेन. त्या बाकावरून माझ्याबरोबर उठलेला दुसरा मित्र अनुमोदन देणार आहे. त्याच्याशी फोनवर बोलणं झालं आहे. बाई त्या दिवशी येणार आहेत. त्यांच्यासाठी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर जागा ठेवा. त्यांच्या एका बाजूला मी बसेन.